जेसन ते जावा ऑब्जेक्ट, व्हाया माथाडी भवन: अण्णासाहेब पाटील यांची गोष्ट

जेसन डेटाचं जावा ऑब्जेक्टमध्ये रूपांतर कसं होतं यावर बरेच दिवस लिहायचं होतं. पण लिहायला बसलो की दर वेळी एक माणूस मध्ये यायचा, ज्याचा जावाशी काडीचाही संबंध नाही. शेवटी ठरवलं, की त्यांचीच गोष्ट सांगायची आणि जेसन तिच्यात जिथे येईल तिथे येऊ द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी आमची टीम वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या दाणा बाजारासाठी एक छोटं ॲप बनवत होती. ट्रक आला, माल उतरला, की कारकुनाने मोबाइलवर चिठ्ठी भरायची: कुठला गाळा, कुठला माल, किती गोण्या, टोळीत कोण कोण. ती चिठ्ठी जेसन होऊन सर्व्हरवर येणार, माझा जावा कोड तिचं ऑब्जेक्ट करणार आणि महिन्याच्या शेवटी हिशेब निघणार. चार फील्डचा क्लास. मी दुपारी लिहिला आणि संध्याकाळी विसरलो.

तिसऱ्या आठवड्यात एक मुकादम वही घेऊन आले. पन्नाशीच्या पुढचे, पाटण बाजूचे. त्यांच्या टोळीतला एक जण गावी गेला होता आणि त्याच्या जागी दुसऱ्याने अकरा दिवस बदली काम केलं होतं. वहीत अकराच्या अकरा दिवस होते. ॲपमध्ये एकही नव्हता. गोण्या सगळ्या होत्या बरं का, एकही कमी नाही. फक्त ज्याने त्या वाहिल्या तो माणूस नव्हता.

ते अजिबात रागावले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत एक जुना फोटो चिकटवलेला होता. कोण, म्हणून विचारलं, तर अण्णासाहेब पाटील. खरं सांगतो, माझ्या वयाच्या बहुतेक पोरांप्रमाणे मलाही हे नाव महामंडळाच्या कर्ज योजनेमुळेच माहीत होतं. व्याज परतावा, ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं अपलोड करा, एवढंच. मुकादमांनी चहा मागवला आणि अर्धा तास बोलले. बाकीचं मी नंतर वाचलं.

पाटणहून मुंबईला

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ चा, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला. गाव मंद्रुळकोळे. पाटण म्हणजे डोंगराळ मुलूख. पाऊस भरपूर, पण जमीन उताराची आणि वाटण्या होऊन तुकड्या-तुकड्यांची. पाटण, जावळी, कोरेगाव या भागातल्या घरांमधून एक तरी पोरगा मुंबईला जायचाच. शिकलेला असेल तर गिरणीत किंवा पोस्टात, नसेल तर मशीद बंदर, भात बाजार, दारूखाना इकडे ओझं उचलायला. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवण खानावळीत आणि पैसे मनीऑर्डरने गावाला.

अण्णासाहेबही त्याच वाटेने मुंबईला आले आणि सुरुवातीला त्यांनी स्वतः ओझी वाहिली. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. त्यांना पुढे ज्या अडचणीवर उत्तर काढायचं होतं, ती त्यांनी खांद्यावर घेतली होती.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आलाय. माथ्यावर, पाठीवर ओझं वाहणारा तो माथाडी. तेव्हा क्विंटलभराची गोणी सर्रास असायची. शंभर किलो! जागतिक श्रम संघटनेने १९६७ मध्ये पुरुष कामगारासाठी ५५ किलोच्या वर ओझं नको अशी शिफारस केली, यावरून अंदाज घ्या. हातात लोखंडी आकडा, डोक्याला फडकं, आणि ट्रक ते गाळा, गाळा ते ट्रक अशा दिवसभर फेऱ्या.

पण शंभर किलो ही खरी अडचण नव्हती. खरी अडचण हिशेबाच्या वहीत होती.

वहीत गोणी आहे, माणूस नाही

एक टोळी दिवसात पाच-सहा व्यापाऱ्यांचा माल उतरवायची. सकाळी एकाचा गहू, दुपारी दुसऱ्याची साखर, संध्याकाळी तिसऱ्याचा मसाला. प्रत्येक व्यापाऱ्याच्या वहीत काय लिहिलं जायचं? इतक्या गोण्या, हमाली इतकी, मुकादमाला दिले. संपलं. कोणी उतरवल्या, हे लिहायला रकानाच नव्हता.

आता कामगार कायदे कसे चालतात बघा. त्यांना एक मालक लागतो आणि एक नोकर लागतो. प्रॉव्हिडंट फंड कोणी भरायचा, रजा कोणी द्यायची, पाय मोडला तर भरपाई कोणाकडून, या सगळ्याचं उत्तर मालकाच्या नावापासून सुरू होतं. इथे सहा व्यापारी, आणि सहाही जण सांगू शकत होते की हा आमचा माणूस नाही, आम्ही फक्त गोणीचे पैसे दिले. आणि कागदावर ते खरंही होतं. वीस वर्षं एकाच बाजारात राबलेल्या माणसाची त्या बाजारात एका ओळीचीही नोंद नसायची.

इथे थोडं जेसनकडे वळतो. त्या दिवशी मोबाइलवरून सर्व्हरला आलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

{
  "गाळा": "के-१७",
  "माल": "गहू",
  "गोण्या": "३२०",
  "सदस्य": ["पहिला", "दुसरा", "तिसरा"],
  "बदली": ["चौथा"]
}

जेसन म्हणजे एवढंच: साधा मजकूर, डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. कोणीही मध्येच नवीन नाव घुसवू शकतो, जेसनला त्याचं काही नाही. जावाचा स्वभाव उलटा. जावाला आधी क्लास लागतो, म्हणजे कोरा फॉर्म. कोणते रकाने आहेत, कुठल्यात अक्षरं, कुठल्यात आकडा, कुठल्यात यादी, हे सगळं आधी जाहीर करायचं. मध्ये जॅक्सन किंवा जीसनसारखी लायब्ररी बसते. जॅक्सनमध्ये हे काम ऑब्जेक्ट-मॅपर करतो. तो कोरा ऑब्जेक्ट तयार करतो, जेसनमधलं एकेक नाव उचलतो, क्लासमध्ये त्या नावाचा रकाना शोधतो आणि किंमत तिथे ठेवतो. नावं जुळत नसतील तर रकान्याच्या डोक्यावर जेसन-प्रॉपर्टीची चिठ्ठी लावायची, की बाहेरून अमुक नावाने येईल ते इथे ठेव.

(जाता जाता: जेसनच्या नियमात आकडा म्हणून ३२० असं देवनागरीत लिहिलेलं चालत नाही, म्हणून वर अवतरणात आहे. पण तीच अक्षरं जावाच्या इंटिजर-पार्सला दिलीत तर तो मुकाट्याने तीनशे वीस वाचतो. जावाला देवनागरी अंक कळतात. मला हे कळलं तेव्हा उगाच छान वाटलं होतं.)

मग प्रश्न येतो: जेसनमध्ये नाव आलं, पण क्लासमध्ये तसा रकानाच नाही, तर? माझ्या क्लासमध्ये गाळा, माल, गोण्या, सदस्य होते. बदली नव्हता. जॅक्सनची दुसरी आवृत्ती मुळात अशा वेळी अडते, अनोळखी नाव आलं म्हणून एक्सेप्शन फेकते. जीसन अडत नाही, अनोळखी नाव सोडून पुढे जातो. स्प्रिंग बूट वापरत असाल तर तिथे जॅक्सनचीही ती अडवणूक आधीच बंद केलेली असते. कारण सोयीचं आहे: समोरच्याने एक फील्ड वाढवलं म्हणून आपलं ॲप पडायला नको. आमचंही स्प्रिंग बूटच होतं. बदलीची यादी आली, रकाना सापडला नाही आणि यादी हवेत विरली. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉग स्वच्छ. टेस्टिंगमध्ये बदली माणूस कोणी टाकलाच नव्हता.

१९६० च्या आधीची व्यापाऱ्याची वहीसुद्धा अशीच चालायची. माणूस यायचा, रकाना नसायचा, वही पुढे जायची.

संघटना आणि १९६९ चा कायदा

अण्णासाहेबांनी साठच्या दशकात माथाडींची संघटना बांधली, महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन. कारखान्यातली युनियन बांधणं वेगळं. तिथे एक गेट असतं, एक भोंगा असतो, पाळी सुटली की हजार माणसं एकदम भेटतात. इथे माणसं शेकडो गाळ्यांमध्ये विखुरलेली, टोळ्या एकमेकींशी कामासाठी भांडणाऱ्या, आणि आज संप केला तर संध्याकाळची खानावळ बंद. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, गाव. टोळी बहुतेक वेळा एका गावची किंवा एका खोऱ्याची असायची. झोपायच्या खोल्या गावाच्या, मुकादम गावाचा, यात्रेला सगळे एकत्र. अण्णासाहेब त्याच मुलखातले आणि त्याच कामातले. माणसं त्यांच्यामागे का उभी राहिली, हे समजायला फार तर्क लढवावा लागत नाही.

हे काम करणारे ते एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत होती, इतरही कार्यकर्ते होते. पण मुंबईच्या बाजारांमध्ये मोर्चे, संप, मंत्रालयाच्या फेऱ्या यांमागचा चेहरा अण्णासाहेबांचा होता.

१९६९ मध्ये कायदा झाला, त्या वर्षाचा महाराष्ट्राचा तिसावा: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. नाव लांबलचक आहे, पण आत जे डिझाइन आहे ते एक इंजिनिअर म्हणून मला फार आवडतं.

कायद्याने सहा व्यापाऱ्यांपैकी खरा मालक कोण, हे शोधण्याचा नादच सोडला. मध्ये एक मंडळ बसवलं. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. प्रत्येक व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, प्रत्येक कामगारानेही करायची. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरणार. मंडळ त्या मजुरीतून कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार देणार आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस सांभाळणार. व्यापारी रोज बदलला तरी कामगाराचं खातं एकच. तो कुठल्याही गाळ्यावर राबला तरी मजुरी त्याच्याच नावावर जमा.

मॅपर तरी दुसरं काय करतो? एका बाजूला सुटे कागद, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या बाजूला ठरलेल्या रकान्यांचा एक ऑब्जेक्ट, ज्याला ओळख आहे. मध्ये दोन्ही बाजूंना ओळखणारा कोणीतरी.

कायद्याला जोडलेली अनुसूचीही बघण्यासारखी आहे. लोखंड बाजार, कापड बाजार, किराणा बाजार, भाजी आणि कांदा-बटाट्याचे बाजार, अशी कामाची ठिकाणं मोजून लिहिलेली. कामंही मोजलेली: भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं, तोलणं, मापणं. जावावाल्यांच्या भाषेत हा ईनम झाला. ईनमचा फायदा हा की गोंधळ राहत नाही. तोटा हा की यादीत नसलेला माणूस दारातच अडतो. ज्यांची कामं अनुसूचीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी हा कायदा नाहीच.

कायद्यातली व्याख्या वाचताना आणखी एक शब्द भेटला, असंरक्षित कामगार. कायदा होईपर्यंत हा माणूस असंरक्षित होता हे सरकारने स्वतःच्या कागदावर लिहून ठेवलंय. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो.

शून्य आणि काहीच नाही

रजेचं उदाहरण घेऊन एक तांत्रिक मुद्दा सांगतो, कारण इथे नवीन पोरं हमखास चुकतात.

समजा क्लासमध्ये शिल्लक रजा असा रकाना आहे आणि तो साध्या इंट प्रकाराचा ठेवलाय. जेसनमध्ये रजा आलीच नाही. जॅक्सन तक्रार करणार नाही, ऑब्जेक्टमध्ये शून्य दिसेल. आता हे शून्य म्हणजे माणसाने सगळ्या रजा वापरल्या, की रजेची माहितीच आली नाही? ऑब्जेक्टकडे बघून सांगता येत नाही. तोच रकाना मोठ्या इंटिजरचा ठेवला तर माहिती नसताना तिथे नल येतो, आणि निदान विचारता तरी येतं. ज्या आकड्यावर कोणाचा पगार अवलंबून आहे तिथे इंट ठेवू नका. आणि मजुरीच्या रकमेला डबल तर अजिबात नको, बिग-डेसिमल घ्या, नाहीतर पैशापैशाची गळती होते आणि शेवटी कोणाच्या तरी पाकिटातून जाते.

१९६९ च्या आधी माथाडीची शिल्लक रजा शून्य नव्हती. त्याला रजा हा रकानाच नव्हता.

शेवटची दोन वर्षं

संघटना वाढली, अण्णासाहेब काँग्रेसकडून विधान परिषदेवर गेले. याच सुमाराला बाजार मुंबईतून हलायला लागले. मशीद बंदरच्या गल्ल्यांमध्ये ट्रक मावेनात, म्हणून खाडीपलीकडे वाशीला नवं मार्केट. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार आधी आला. फळं आणि भाजीपाला यायला १९९६ उजाडलं. आज इथे पाच बाजार आहेत, कांदा-बटाटा, फळ, भाजी, मसाला आणि दाणा, आणि पहाटे तीनला इथली गर्दी बघितली नसेल तर एकदा बघाच. माथाडी बाजारामागोमाग आले. कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. अण्णासाहेबांना यातला पहिलाच बाजार हललेला बघायला मिळाला.

शेवटच्या काळात त्यांचं लक्ष माथाडींच्या पलीकडे गेलं होतं. माथाडींमध्ये बहुसंख्य मराठा समाजातले, गावाकडे जमीन थोडी, शिक्षण थोडं. मराठा महासंघाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला आणि आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी लावून धरली. २२ मार्च १९८२ ला त्यांनी मुंबईत मोठा मोर्चा काढला. तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते, आणि अण्णासाहेब स्वतः सत्ताधारी पक्षाचे आमदार. मागणी मान्य झाली नाही तर तुम्हाला तोंड दाखवणार नाही, असा शब्द त्यांनी लोकांना दिला होता. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४८.

या निर्णयाबद्दल मुकादम आदराने बोलतात. मला मात्र ते वाचताना हळहळच जास्त वाटली. कायदा होऊन तेरा वर्षं झाली होती, मंडळं नुकती रुळत होती, बाजार हलत होते, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांची इथे गरज होती.

आरक्षणाच्या त्या मागणीचं पुढे काय झालं, हा या साइटचा विषय नाही, आणि ते रोज बातम्यांमध्ये असतंच. त्यांच्या नावाचं आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ मध्ये निघालं. कर्जाच्या अर्जावरचं नाव ते हे.

माथाडी कायदा अजून चालू आहे, पण सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. माथाडीच्या नावाखाली, काम न करता वसुली करणाऱ्यांच्या तक्रारी उद्योगवाले करतात, आणि त्यात तथ्य असतं. कोडमध्येही तेच होतं. जेसनचं ऑब्जेक्ट झालं याचा अर्थ फक्त रकाने भरले गेले. रकान्यातली माहिती खरी आहे का, हे तपासणं वेगळं काम, त्यासाठी वेगळं व्हॅलिडेशन लिहावं लागतं. पण खोटे अर्ज येतात म्हणून फॉर्मच फाडून टाका, हा उपाय मला पटत नाही.

आता माझ्या बगचं. मोबाइलवरून आलेलं कच्चं जेसन आम्ही नशिबाने जसंच्या तसं साठवत होतो, म्हणून अकरा दिवस परत काढता आले. क्लासमध्ये बदलीचा रकाना टाकला. शिवाय जॅक्सनमध्ये एनी-सेटर नावाची सोय आहे: ज्या नावाला रकाना सापडत नाही ते टाकून न देता एका मॅपमध्ये गोळा करायचं. तो लावला, आणि मॅप रिकामा नसेल तर मला मेल येईल अशी व्यवस्था केली. पहिल्याच आठवड्यात तीन मेल आले. एका कारकुनाच्या मोबाइलवर ॲपची जुनी आवृत्ती होती आणि तो गोण्याऐवजी पोती पाठवत होता. दुसरं नाव होतं दुखापत. हा रकाना मोबाइलवाल्या टीमने स्वतःहून टाकला होता, कारण एका हमालाच्या पायावर थप्पी कोसळली होती आणि ते कुठे लिहायचं हे कारकुनाला कळत नव्हतं. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. तिसरा मेल निव्वळ टायपिंगची चूक होती.

दुखापतीचा रकाना मी त्याच रात्री जावात टाकला. मुकादमांना फोन करून विचारलं, त्यात काय काय लिहायला हवं. त्यांनी तारीख, गाळा आणि ट्रकचा नंबर सांगितला, आणि मग म्हणाले की सगळ्यात आधी माणसाचं नाव लिहा.